दोन मदतनीस, दरमहा दहा हजार: आयुष्यभराच्या देखभालीचा एक हिशेब

18 ऑक्टोबर 2007. हरियाणात आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणारी एक बारा वर्षांची मुलगी. बेदरकारपणे चालवलेल्या ट्रकने ट्रॅक्टरला धडक दिली आणि मुलीच्या डोक्याला जबर मार बसला. जीव वाचला, पण चारही हातापायांतली ताकद गेली, लघवीवरचा ताबा गेला, तीव्र उन्मादाचे झटके सुरू झाले. चंडीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. बुद्ध्यंक तिच्या वयाच्या मुलांच्या 20 टक्क्यांहूनही कमी, आणि सामाजिक वय नऊ महिन्यांचं. अपंगत्व 100 टक्के.

तिच्या नुकसानभरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 5 फेब्रुवारी 2020 रोजी दिला. खंडपीठ न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. दीपक गुप्ता यांचं. मोटार अपघात न्यायाधिकरणात काम करणाऱ्या बहुतेक वकिलांना हा निकाल तोंडपाठ आहे. मुलीचं नाव निकालाच्या शीर्षकातच आहे, पण इथे त्याची गरज नाही.

जाता जाता एक नोंद. बुद्ध्यंक ज्या चाचणीने मोजला ती भारतीय मुलांसाठीची मालिन चाचणी नागपूरची आहे. सामाजिक वय काढायला आपल्याकडे सर्रास वापरतात त्या व्हाइनलँड मोजपट्टीची भारतीय आवृत्तीही डॉ. मालिन यांनी नागपुरातच तयार केली. हे सांगायचं कारण असं की 'सामाजिक वय नऊ महिने' हे वाक्य न्यायाधीशांनी कळवळ्यापोटी लिहिलेलं नाही. मूल स्वतःच्या हाताने खातं का, कपडे घालतं का, शौचाला सांगतं का अशा प्रश्नांच्या उत्तरांतून आलेला तो आकडा आहे. देखभालीला किती माणसं लागतील हे ठरवताना बुद्ध्यंकापेक्षा हाच आकडा जास्त उपयोगी पडतो.

तीन कोर्टं, तीन रकमा

न्यायाधिकरणाने दिले 11,08,501 रुपये. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ते 25,78,501 केले. सर्वोच्च न्यायालयाने 62,27,000, आणि त्यावर अर्ज दाखल झाल्या दिवसापासून 7.5 टक्के व्याज. मुलगी तीच, दुखापत तीच, कागदपत्रंही जवळजवळ तीच. मग साडेपाच पटींचा फरक आला कुठून?

पहिला फरक उत्पन्नाचा. खालच्या दोन्ही न्यायालयांनी शाळकरी मुलीचं काल्पनिक उत्पन्न वर्षाला 15,000 रुपये धरलं. हा आकडा मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातला, म्हणजे 1994 सालचा. कमवत नसलेल्या माणसासाठी तो तिथे छापलेला होता, आणि पुढची पंचवीस वर्षं न्यायाधिकरणं तो उचलून चिकटवत राहिली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही मुलगी शिकली असती, कामाला लागली असती, निदान कुशल कामगाराचं किमान वेतन तरी तिला मिळालंच असतं. हरियाणात ते 2010 च्या अधिसूचनेप्रमाणे महिना 4,846 रुपये होतं. त्यात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवले की महिना 6,784 आणि वर्षाचे 81,412 होतात. याला गुणक 18. रक्कम झाली 14,66,000.

गुणक म्हणजे काय, ते थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2009 च्या सरला वर्मा निकालाने वयोगटांप्रमाणे एक तक्ता घालून दिला: 15 ते 25 वयासाठी 18, 26 ते 30 साठी 17, आणि तसाच पुढे उतरता. एक वर्षाचं नुकसान काढायचं आणि तक्त्यातल्या आकड्याने गुणायचं. 18 म्हणजे अठरा वर्षांचंच नुकसान धरलं असा त्याचा अर्थ नाही. रक्कम आज एकदम हातात पडते, तिच्यावर व्याज मिळतं, आयुष्याची शाश्वती कोणालाच नसते, हे सगळं त्या एका आकड्यात धरलंय अशी कल्पना आहे. 40 टक्क्यांची वाढ 2017 च्या प्रणय सेठी निकालातली, पाच न्यायमूर्तींच्या पीठाची.

दुसरा फरक वेदना आणि गमावलेल्या सुखांचा: 15 लाख. विवाहाची शक्यता संपली म्हणून 3 लाख. पुढच्या औषधोपचारासाठी 5 लाख. झालेला उपचार आणि प्रवास मिळून अडीच लाख. दवाखान्यातल्या 51 दिवसांत घरची दोन माणसं कामधंदा सोडून उशाशी बसली, त्याबद्दल प्रत्येकी रोज 500 प्रमाणे 51,000. एवढा बारीक हिशेब सर्वोच्च न्यायालयाने केलेला पाहिला की बरं वाटतं. खालच्या कोर्टात या माणसांची दखल बऱ्याचदा कोणीच घेत नाही.

आणि तिसरा फरक, ज्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे, तो मदतनिसाचा.

एक माणूस की दोन?

उच्च न्यायालयाने मदतनिसाचा खर्च मान्य केला होता: महिना 2,500 रुपये, 44 वर्षं, म्हणजे 13,20,000. कागदावर हे उदार दिसतं. चव्वेचाळीस वर्षं म्हणजे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंतची सोय. पण 2,500 रुपयांत कोण येणार, आणि किती तास थांबणार?

सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दिवसाकडे पाहिलं. लघवी-संडासवर ताबा नाही. मोठी झाल्यावर मासिक पाळी तिला स्वतःची सांभाळता येणार नाही. अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कोणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं. मदतनीस प्रशिक्षित परिचारिका नसली तरी चालेल, पण अंथरुणातल्या मुलीला हाताळता आलं पाहिजे. आणि ही गरज जवळजवळ चोवीस तासांची.

ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांना ही वाक्यं वाचायचीही गरज नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. माकडहाड, टाचा, कोपर इथे लाली दिसतेय का ते टॉर्च लावून बघायचं. एकदा बेडसोर फुटला की महिनोन् महिने ड्रेसिंग, आणि त्यातून जंतुसंसर्ग रक्तात गेला तर जिवाशी गाठ. भरवताना मान उचलून धरायची, घास श्वासनलिकेत जायला नको. बारा वर्षांच्या मुलीला एकट्या आईला उचलता येतं. विशीतल्या मुलीचं वजन दोघांनाच पेलतं.

म्हणून न्यायालयाने दोन मदतनीस धरले. एकाचा खर्च त्याच 4,846 च्या अधिसूचनेवरून 5,000 रुपये, दोघांचे महिना 10,000, वर्षाचे 1,20,000. गुणक 18. एकूण 21,60,000. सगळ्या निकालातली ही सर्वांत मोठी बाब आहे, तिच्या बुडालेल्या उत्पन्नापेक्षाही मोठी. मेंदूच्या गंभीर दुखापतीच्या दाव्यात साधारण असंच व्हायला हवं, कारण माणूस जे कमावणार होता त्याहून त्याला जगवायला जास्त पैसा लागतो.

इथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे न्यायालयाने एकाच वेळी दोन बदल केले. दर चौपट केला, आणि 44 वर्षं काढून 18 चा गुणक लावला. देखभालीच्या खर्चालाही गुणकच लावायचा, कारण महागाई, व्याज, आयुर्मान, अनिश्चितता यांचा विचार त्यात आधीच झालेला असतो आणि निकालांत एकसारखेपणा राहतो, असं कारण दिलं. दर तोच ठेवून नुसता गुणक लावला असता तर 13,20,000 चे 5,40,000 झाले असते. नवा दर आणि जुनी 44 वर्षं धरली असती तर 52,80,000.

विमा कंपन्यांच्या वकिलांनी या निकालातला कुठला अर्धा भाग उचलला असेल हे वेगळं सांगायला नको. युक्तिवादात निकालाची प्रत पुढे येते, गुणकाच्या परिच्छेदाला पिवळी खूण असते, आणि मदतनिसाचा दर मात्र 'तीन हजार, एक माणूस' असा सुचवला जातो. वर्षाचे 36,000, गुणिले 18, 6,48,000. हा हिशेब याच निकालाच्या नावावर खपवला जातो. अर्जदाराच्या वकिलाने त्याच प्रतीतला पुढचा परिच्छेद वाचून दाखवला पाहिजे: मूळ दर अगदीच कमी आहे, असं म्हणूनच न्यायालयाने गुणक लावला. दोन्ही एकत्रच घ्यावे लागतात.

अठरा पुरतो का?

माझं मत: देखभालीसाठी 18 चा गुणक तोकडा पडतो. उत्पन्नाच्या बाबतीत तो चालून जातो.

आकडे मांडून बघू. 21,60,000 बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 1,51,200 व्याज. पहिल्या वर्षी मदतनिसांचे 1,20,000 भागून वर थोडे उरतात. पण मदतनिसाचा पगार दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढला तर पाचव्या वर्षी नुसतं व्याज पुरेनासं होतं आणि मुद्दलाला हात लागतो. विसाव्या वर्षाच्या आसपास ठेव संपते. बाराव्या वर्षापासून मोजलं तर मुलगी तेव्हा बत्तीस वर्षांची असेल, आणि दोघा मदतनिसांचा पगार महिना तीस हजारांच्या वर गेलेला असेल.

याला उत्तर असं दिलं जातं की सगळी रक्कम एकाच ठेवीत असते, उत्पन्नाचे 14 लाख आणि वेदनेचे 15 लाखही घरच्यांना वापरता येतात. खरं आहे. 62,27,000 वर 7 टक्के धरले तर महिना 36,000 होतात, आणि त्यात बरीच वर्षं निभावतं. पण मग वेदनेबद्दल दिलेले पैसे आयाच्या पगारात गेले, असं स्पष्ट म्हणा. बाबी वेगवेगळ्या लिहायच्या आणि खर्च सगळा एकाच खिशातून, तर बाबी लिहायच्याच कशाला?

औषधोपचाराचे 5 लाख त्याहून कमी पडतात. व्याजाने महिन्याला तीन हजारही येत नाहीत. मोठ्यांचा एक डायपर तीस रुपयांचा धरा. दिवसाला चार धरा, महिन्याला 3,600. फिटच्या गोळ्या, फिजिओ, एअर बेड, वर्षा-दोन वर्षांतून छातीत कफ भरून होणारी दवाखान्याची वारी, यातलं काहीच अजून धरलेलं नाही. या बाबीचा तपशीलवार पुरावा न्यायालयापुढे आला होता का, हे रकमेवरून कळत नाही. पण गोल आकडा दिसला की मला तरी अंदाजाचाच वास येतो.

इंग्लंडमध्ये हाच पेच कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. 1979 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका डॉक्टर महिलेचं प्रकरण आलं होतं. किरकोळ शस्त्रक्रियेदरम्यान तिच्या मेंदूला इजा झाली होती. लॉर्ड स्कारमन यांनी तेव्हा लिहिलं की एकच गोष्ट खात्रीची आहे, भविष्यात ही रक्कम एक तर फार जास्त ठरेल किंवा फार कमी. त्यानंतर तिथला कायदा दोन पायऱ्या पुढे गेला. एक, एकरकमी पैशांवर मिळणाऱ्या व्याजाचा दर सरकार जाहीर करतं, आणि तो महागाई वजा करून. 2017 मध्ये हा दर उणे 0.75 टक्के झाला, 2019 मध्ये उणे 0.25, जानेवारी 2025 पासून अधिक 0.5. दर उणे असला की गुणक उरलेल्या वर्षांपेक्षाही मोठा निघतो. दोन, 2005 पासून न्यायालय एकरकमी पैशांऐवजी आयुष्यभर दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचा हुकूम करू शकतं, आणि 2008 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ही रक्कम मदतनिसांच्या पगाराच्या निर्देशांकाला जोडायला मान्यता दिली. बटाट्याचे भाव काही का होईनात, आयाचा पगार वाढला तर हप्ता वाढतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात अशी सोय नाही. एकदाच निवाडा, एकदाच रक्कम, आणि दहा वर्षांनी 'पुरत नाही हो' म्हणत परत यायला दार नाही. त्यामुळे पहिल्याच वेळी दर नीट धरणं हाच उपाय उरतो.

पुरावा कशाचा द्यायचा

आपल्याकडच्या दाव्यांत सगळा भर अपंगत्वाच्या दाखल्यावर असतो. सिव्हिल सर्जनच्या कार्यालयातून टक्केवारी मिळवायची, तो डॉक्टर साक्षीला येईल अशी व्यवस्था करायची, उलटतपासणीत टक्केवारी टिकवायची. कमाईच्या नुकसानीसाठी हे लागतंच. पण 100 टक्के दोन्ही पाय गेलेल्या माणसालाही मिळू शकतात, आणि तो माणूस स्वतःच्या हाताने जेवतो, फोनवर बोलतो, रात्री एकटा झोपतो. देखभाल मोजायची तर टक्के बाजूला ठेवून तास मोजावे लागतात. डॉक्टरला साक्षीत विचारायचा प्रश्न असा: चोवीस तासांत या माणसाला किती वेळ एकटं ठेवता येईल? उत्तर 'अर्धा तास' असं आलं की दोन मदतनिसांचा पाया पडला.

उलटतपासणीत आईला हमखास विचारतात, "मदतनीस ठेवलाय का? पगाराची पावती आहे का? तुम्ही घरीच असता ना?" आई खरंच सांगते, "नाही साहेब, मीच करते सगळं." आणि निकालपत्रात ओळ उमटते की मदतनिसावर प्रत्यक्ष खर्च झाल्याचा पुरावा नाही. भरपाई मिळाल्याशिवाय मदतनीस ठेवता येत नाही आणि ठेवलेला नाही म्हणून भरपाई नाही, असा हा फेरा. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात तिची गरज काय आहे ते पाहिलं आणि गरजेवर दर लावला. कोणी आधीच ठेवलंय का, यावर रक्कम अडवली नाही. आईचं जागरण फुकट आहे असं गृहीत धरायला कायद्यात काही आधार नाही. तिचं वय चाळीस असेल तर वीस वर्षांनी ती मुलीला उचलू शकणार नाही, एवढं जरी जबाबात आलं तरी पुष्कळ.

दराचा पुरावा तर सरकारच छापतं. या प्रकरणात निर्णायक ठरलेला कागद म्हणजे राज्याची किमान वेतनाची अधिसूचना. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि त्याचं पत्रक कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावर मिळतं. ते जोडायला खर्च शून्य. त्याच्या जोडीला आपल्या तालुक्यातल्या एखाद्या नर्सिंग ब्युरोचं बारा तासांच्या पाळीचं दरपत्रक घ्यावं आणि ब्युरोवाल्याला साक्षीला बोलवावं. दोन्ही आकडे समोर असले की तीन हजारांचा दर सुचवणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त देता येते का, ही शंका नेहमी येते. या निकालात त्याचंही उत्तर आहे: न्याय्य भरपाई मागणीपेक्षा जास्त निघाली तर तीच द्यायची, विशेषतः अर्जदार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर. म्हणजे सुरुवातीला कोर्ट फीच्या धास्तीने वा घाईत कमी आकडा लिहिला गेला असेल तरी सगळं संपत नाही.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. इथे मुलगी ट्रॅक्टरवर बसली होती, पण चूक ट्रकची होती, त्यामुळे ट्रकच्या दृष्टीने ती तिऱ्हाईत व्यक्ती ठरते. ट्रॅक्टर-ट्रॉली आपोआप उलटली असती तर चित्र फार वेगळं असतं. ट्रॅक्टरच्या विम्यात वर बसलेल्या प्रवाशाचा धोका सहसा धरलेला नसतो आणि विमा कंपनी तिथेच हात वर करते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीत बसून जाणाऱ्या कुटुंबांना हे आधी कोणी सांगत नाही.

पैसे मिळाल्यावर

रक्कम मुलीच्या वडिलांच्या खात्यात सरळ टाकायची नाही, असं न्यायालयाने बजावलं. न्यायाधिकरणाने ती जास्तीत जास्त व्याज देणाऱ्या मुदत ठेवींमध्ये गुंतवायची, व्याज पालकांना द्यायचं, उपचारासाठी मोठी रक्कम लागली तर पालकांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. पैसा मुलीसाठीच खर्च होतो आहे ना, हे पाहण्यासाठी लागतील ते आदेश न्यायाधिकरण स्वतः काढू शकतं. ही व्यवस्था चांगली आहे, पण तिला चालवणारा माणूस लागतो. ठेवीची मुदत संपते आणि नूतनीकरणाचा आदेश निघायला वेळ लागतो. बँकेची शाखा बदलते. न्यायाधीश बदलतात. म्हणून ठेव करतानाच आपोआप नूतनीकरणाचा आणि मासिक व्याज थेट पालकाच्या खात्यात जमा करण्याचा आदेश मागून घ्यावा.

अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं, हे बऱ्याच घरांत बँकेच्या काउंटरवरच कळतं. मुलगी सज्ञान झाली, तिची सही आणा, असं सांगितलं जातं. बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानीय स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळवता येतं. याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षणही आहे. मोठ्या वयात अपघात होऊन बेशुद्धावस्थेत गेलेल्या माणसासाठी हा मार्ग सहसा चालत नाही. अशा प्रकरणांत पत्नीला किंवा मुलाला पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेले आहेत. समितीपुढे अर्ज करताना दोघा पालकांबरोबर तिसरं, तरुण नाव आधीच सुचवून ठेवावं: भाऊ, बहीण, मावसबहीण, जे कोणी खरोखर करणार असेल ते. आईवडील साठीच्या पुढे गेले की ठेवीच्या कागदांवर सही करायला तेच माणूस लागणार आहे.